खोक्यातला डोंगर

जव्हार संस्थान विलीन झालं, त्याच्या तिसऱ्या की चौथ्या वर्षी माझी बदली मोखाड्याच्या बाजूला झाली. तोवर आमच्या साखरशेतच्या घरातून नोकरीपायी जव्हारची हद्द कुणी ओलांडली नव्हती. संस्थानात मास्तर झालेला माणूस संस्थानातच म्हातारा व्हायचा. आता ती हद्दच पुसली गेली होती. जिल्ह्याचा कागद आला आणि एक वळकटी, एक ट्रंक घेऊन मी निघालो. तेवीस वर्षांचा होतो. घरात सगळे नांगर धरणारे, खडू धरणारा मी पहिला. त्याची जरा ऐटही होती.

शाळा सूर्यमाळच्या अंगाला एका पाड्यावर होती. कारवीच्या कुडाच्या भिंती, वर गवताचं छप्पर, चार इयत्ता आणि मी एकटा. मुलं वीस-बावीस. त्यांची घरची बोली निराळी. पुस्तकातली मराठी त्यांच्या घरी कधीतरी येणाऱ्या पाहुण्यासारखी. मी ‘धोंडा’ म्हणालो की त्यांना लगेच कळायचं, ‘खडक’ म्हणालो की जरा थांबायची, आणि ‘अग्निजन्य खडक’ म्हणालो की एकमेकांकडे बघून हसायची.

चौथीच्या भूगोलात खडकांचा एक धडा होता. पृथ्वीच्या पोटातला तप्त रस वर येऊन थिजतो, त्याचा खडक होतो. तो झिजतो, गाळ होतो, थरावर थर बसतात, त्यांचा दुसरा खडक होतो. तो दबतो, तापतो, रूप बदलतो आणि शेवटी पुन्हा वितळतो. मी नुकताच ट्रेनिंगचं वर्ष संपवून आलो होतो. तिथे आमच्या डोक्यात एकच गोष्ट भरली होती. मुलांना नुसतं सांगू नका, त्यांच्या हातांनी करवून घ्या. म्हणून पहिल्या वर्षी मी मुलांना म्हणालो, उद्या येताना प्रत्येकाने वेगवेगळे दगड आणा.

दुसऱ्या दिवशी दारात ढीग झाला. सगळे काळे. नुसता काळा, भोकं पडलेला काळा, कुजून मुरूम झालेला काळा. मध्ये चार-दोन गारगोट्या. पुस्तकातले तीन प्रकार दाखवायला बसलो तर हातात एकच प्रकार. एक मुलगी म्हणाली, “गुरुजी, आमच्याकडं धोंड्याची एकच जात हाय.” सगळी हसली, मीही हसलो.

ही मुलगी चौथीत एकटीच मुलगी. दहा-अकरा वर्षांची असेल. उन्हाळ्यात ती रोज उशिरा यायची. पाड्याजवळचा झरा माघातच आटायचा, मग बाया दरीत उतरून झिऱ्यावर जायच्या. वाळूत हातभर खड्डा, त्यात वाटीवाटीने पाझरणारं पाणी. हंडा भरायला तास-दीड तास, वर चढून यायला तेवढाच. आईबरोबर ती दोन खेपा करायची आणि मग शाळेत यायची. खांदे ओले असायचे, केस कपाळाला चिकटलेले. मी तिला कधी रागावलो नाही. पण फाल्गुनात ती गुंतायला लागली की वैशाखापर्यंत तिचं शिक्षण जवळजवळ बंदच, हे मला पहिल्याच वर्षी कळलं. त्या वर्षी तिची परीक्षा बुडाली आणि ती चौथीतच राहिली. तिला चौथी पास करून मोखाड्याला पाचवीत घालायचं, असं मी मनाशी धरलं होतं. तिच्या बापालाही ते हवं होतं. पाड्यावर त्याचा शब्द चालायचा. स्वतःला अक्षर येत नव्हतं, पण मुलीच्या पाटीवर काय लिहिलंय ते तो रोज तिच्याकडून वाचून घ्यायचा.

दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर मी खडकांचा धडा पुन्हा काढला. या वेळी दगडांच्या नादी लागलो नाही. पाड्यावर मध काढणारे होते, त्यांच्याकडून मेण आणवलं. एकात राख मिसळली, एकात गेरू, एकात कोळशाची पूड. मुलांनी विळ्याने त्याचा कीस काढला. ती झीज. बांबूच्या नळीत तिन्ही रंगांचे थर घालून वरून दांड्याने ठोकले. तो गाळाचा खडक. मग तो तुकडा उन्हात मऊ करून दोन धोंड्यांमध्ये दाबला, थर वाकडेतिकडे झाले, एकमेकांत शिरले. शेवटी पळीत घालून चुलीवर धरला, वितळला, केळीच्या पानावर ओतला, थिजला. पुन्हा पहिल्यापासून. असं तीन दिवस चाललं होतं. मुलांचे हात गुळगुळीत झाले होते, वर्गाला मधाचा वास येत होता. शिकवण्यात एवढा आनंद मला त्याआधी मिळाला नव्हता. पुढेही नाही.

तिथेच थांबायला हवं होतं. पण मला आणखी एक दाखवायचं होतं. आमचे डोंगर थरावर थर असे झालेत आणि त्या थरांमधून पाणी कसं वाहतं, ते. मोखाड्याच्या दुकानातून चहाचं रिकामं खोकं आणलं, त्याची एक बाजू काढली. तळाला वारुळाची माती मळून, ठोकून घट्ट बसवली. हा काळा दगड, यातून पाणी जात नाही. त्यावर तांबडी भुसभुशीत माती, त्यावर मुरूम. मुलीला म्हणालो, “ओत वरून तांब्याभर पाणी.” तिने ओतलं. पाणी मुरूमात मुरलं, दिसेनासं झालं. आणि मग खोक्याच्या उघड्या बाजूला, बरोबर तांबड्या पट्ट्यातून, थेंब थेंब पाणी बाहेर आलं.

मुलं ओरडलीच. ती मुलगी मात्र खाली बसून बघत राहिली. थेंब थांबल्यावर म्हणाली, “गुरुजी, सगळं भाईर गेलं.”

“मग आणखी ओत,” मी म्हणालो.

ती ओतत राहिली. मग तिने विचारलं, “आमच्या पाड्याखाली बी आसंच आसंल का?”

“असेल,” मी म्हणालो.

दोन दिवसांनी शाळा सुटायच्या वेळी तिचा बाप आला. डोक्याचं फडकं हातात घेऊन दारात उभा राहिला.

“गुरुजी, पोर सांगते, डोंगराच्या पोटात तांबड्या मातीचा थर आसतो, त्याच्यातून पानी चालतं. खरं काय?”

“पुस्तकात तसं आहे,” मी म्हणालो.

“मंग चला, एक दावतो.”

पाड्याच्या खालच्या अंगाला ओहोळाने जमीन खोल कापली होती. त्या उभ्या कडेत, वरपासून दोन पुरुष, म्हणजे दोन माणसांच्या उंचीइतकं खाली, हात-दोन हात जाडीचा तांबडा पट्टा सरळ गेला होता. वर मुरूम, खाली काळा पाषाण. माझ्या खोक्यासारखाच. मी पट्ट्यात बोटं घातली. ओलसर लागली. काय झालं मला कुणास ठाऊक, मी तिथेच त्याला समजावून सांगायला लागलो. हा थर असाच आत पाड्याखाली गेला असणार, सपाट. म्हणजे तुमच्या अंगणातून खणलं तर दोन-अडीच पुरुषांवर लागेल.

“आन पानी?”

“लागायला हवं.”

त्याने पुन्हा विचारलं. “पानी लागंल ना गुरुजी?”

मी म्हणालो, “लागेल.”

पाड्यावरच्या एका म्हाताऱ्याचं म्हणणं होतं की आधी जमिनीतलं पाणी हेरणाऱ्या पाणाड्याला आणून जागा दाखवावी. मुलीच्या बापाने त्याला गप्प केलं. “गुरुजी शिकलेलं हाय. त्यांनी डोंगराचं पोट पाहिलंय,” असं तो म्हणाला. हे मला मागाहून कळलं. तेव्हाच कळलं असतं तर मी खूश झालो असतो, हेही खरं.

दरवर्षी नागली-वरईची मळणी आटोपली की पाड्यावरच्या घरांतले पुरुष कूपात जायचे, जंगलतोडीच्या कामाला. त्यावर उन्हाळा निघायचा. त्या वर्षी सहा घरांतलं कुणी गेलं नाही. मार्गशीर्षात अंगणाच्या टोकाला कुदळ पडली. रविवारी मीही जायचो, घमेली उचलायचो. मुरूम नरम होता, काम भराभर चाललं. पौष संपता संपता तांबडी माती लागली. बरोबर मी सांगितलेल्या खोलीवर.

त्या दिवशी मी अख्खी शाळा तिथे नेली. मुलं विहिरीच्या काठावर पालथी पडून आत बघत होती आणि थर मोजत होती. आत उतरलेल्या बापाने ओल्या तांबड्या मातीचा गोळा वर फेकला, मुलीने तो झेलला आणि कपाळाला लावला. सकाळपर्यंत तळाला अर्धा हंडा पाणी साचलं. गढूळ, गेरूच्या रंगाचं. बायांनी त्याला हळदकुंकू वाहिलं. पाड्यावरच्या लोकांनी माझ्या पायाला हात लावले आणि मी लावू दिले.

पंधरा दिवसांत अर्ध्या हंड्याचा तांब्या झाला. मग नुसती ओल. माघ संपताना तीही गेली.

खणणारे सगळे माझ्याकडे आले. मुलीच्या बापाने विचारलं, “आता काय करायचं गुरुजी?”

इथे मी काय म्हणायला हवं होतं ते मला आज पाठ आहे. मला माहीत नाही, एवढंच. पण एवढी माणसं माझ्या तोंडाकडे बघत उभी होती. मी म्हणालो, हे डोंगर रसाच्या एकावर एक थरांनी झालेत. या काळ्या पाषाणाखाली पुन्हा तसाच तांबडा पट्टा असणार. तो मोठा असेल. खाली जा.

तो पाषाण म्हणजे लोखंड. पहारीची टोकं वाकायची. मग त्यांनी जुनी रीत काढली. तळाला लाकडं पेटवायची, दगड लालबुंद तापवायचा आणि वरून गार पाणी ओतायचं, की तडे जातात. पण पाणी कुठून आणायचं? दरीतून. झिऱ्यावर आधीच रांग होती. बायांनी पिण्याच्या दोन खेपांवर तिसरी खेप धरली, दगडावर ओतायला. वाटी वाटी जमवलेलं पाणी डोक्यावर घेऊन त्या तो चढ चढून यायच्या आणि विहिरीच्या काठावरून ते सोडून द्यायच्या. खाली फस्स असा आवाज व्हायचा, वाफ वर यायची, की संपलं. मी ते पाहिलं. एकदा त्या मुलीला हंडा उपडा करताना पाहिलं. हंडा रिकामा झाल्यावर ती क्षणभर आत बघत राहिली. मग चुंबळ डोक्यावर ठेवून पुन्हा उतरणीला लागली. फाल्गुनापासून ती शाळेत आली नव्हती. जी शाळा सुटू नये म्हणून मी हे सगळं मांडलं होतं, ती त्यानेच सुटली.

एवढ्या खटाटोपातून आठवड्याला जेमतेम वीतभर खोली वाढायची.

चैत्रातल्या एका दुपारी एक बाई शाळेकडे धावत आली. मुलीच्या बापाच्या डोळ्यात दगडाची कपची गेली होती. घण मारताना तापलेल्या दगडाची चीप उडाली. मी पोचलो तेव्हा त्याला दोराने वर घेतलं होतं. डाव्या डोळ्यावर फडकं दाबून तो जमिनीवर बसला होता, बोटांच्या फटीतून रक्त येत होतं. आम्ही त्याला झोळीत घालून मोखाड्याला नेलं. तिथल्या डॉक्टरने पट्टी बांधली आणि जव्हारला न्या म्हणाला. जव्हारला पोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडला. तिथल्या डॉक्टरने बराच वेळ डोळा पाहिला. मग मला बाजूला घेऊन म्हणाला, “हा डोळा गेला. दुसरा सांभाळा.”

परतीच्या वाटेत तो माझ्यापुढे बैलगाडीत आडवा होता. मी काहीतरी बोलायला हवं होतं. “माझं चुकलं,” असं मी अखेर म्हणालो.

त्याने मान वळवून उरलेल्या डोळ्याने माझ्याकडे पाहिलं. “तुमचं काय चुकलं गुरुजी? धोंड्यानं थोडंच तुमचं पुस्तक वाचलंय?”

तो मला बोलला असता, शिव्या दिल्या असत्या, तर मला ते सोसायला सोपं गेलं असतं. पाड्यावर कुणीच काही म्हणालं नाही. राम राम तसाच चालू राहिला. फक्त पायाला हात लावायचे ते थांबले.

पावसाळ्यात विहीर काठोकाठ भरली. मुलं तिच्यात उड्या मारायची. कुणीतरी म्हणालंही की गुरुजींच्या विहिरीला पाणी आलं. मी बोललो नाही, पण सांगायला लाज वाटते, मनातून मीही आशा धरली. रोज सकाळी जाऊन पाण्याची पातळी बघायचो. भाद्रपद गेला, आश्विन गेला. दिवाळीनंतर पाणी रोज हात-हात उतरायला लागलं आणि मार्गशीर्षात तळाचा काळा दगड उघडा पडला. जळक्या लाकडांचे कोळसे त्याच्या फटींत तसेच होते.

त्याच सुमारास शाळाखात्याचे दिपोटी तपासणीला आले. मेणाचे खडक त्यांनी हातात घेऊन पाहिले, मुलांकडून नावं वदवून घेतली, आणि फार खूश झाले. पुढच्या महिन्यात मोखाड्याला आसपासच्या मास्तरांची सभा होती. तिथे हा पाठ करून दाखवा, म्हणाले. मी त्यांना विहिरीचं सांगायचा प्रयत्न केला. “ते निराळं. ते मनाला लावून घेऊ नका,” ते म्हणाले. “पाठ उत्तम आहे.”

मी गेलो. पंचवीस-तीस मास्तर बाकांवर बसले होते. मेणाचं सगळं नीट झालं. मग खोकं मांडलं, थर घातले, वरून पाणी ओतलं. पाणी मुरलं आणि तांबड्या पट्ट्यातून थेंब बाहेर पडायला लागले. टाळ्या वाजल्या. मी तांब्या हातात धरून उभा होतो. थेंब कमी झाले, थांबले. मी पट्ट्यात बोट घातलं. कोरडा. ओतलेलं सगळं पाणी उघड्या बाजूने निघून गेलं होतं, खाली जमिनीवर ओघळ दिसत होता.

तेव्हा मला कळलं. पाड्याशेजारी ओहोळाने कापलेली कड म्हणजे माझ्या खोक्याची उघडी बाजू. त्या पट्ट्यात पाऊस जे पाणी भरतो, ते त्या कडेतून दरीत वाहून जातं. कडेजवळ कितीही खणलं तरी तिथे पाणी थांबणार नव्हतं. खोक्याने मला ते स्पष्ट दाखवलं होतं. अकरा-बारा वर्षांची मुलगी समोर बसून म्हणालीसुद्धा होती, सगळं भाईर गेलं. आणि मी तिला म्हणालो, आणखी ओत.

टाळ्या थांबल्यावर एका मास्तरांनी विचारलं, खोकं कुठे मिळतं. मी दुकान सांगितलं.

मी पाड्यावर परत आलो तेव्हा सहाच्या सहा घरं कूपाला निघायच्या तयारीत होती. मागच्या वर्षी गेली नव्हती, म्हणून या वर्षी पोरंबाळं, म्हातारी माणसं, सगळीच निघाली होती. मुलीच्या बापाला एका डोळ्याने कुऱ्हाडीचा अंदाज येत नव्हता, म्हणून त्याच्या जागी आई आणि मुलगी राबणार होत्या. मी त्याच्या घरी गेलो. म्हणालो, “पोरीला माझ्याकडे ठेवा. मी जेवायला घालतो. एक वर्षाचा प्रश्न आहे.”

त्याने हातातल्या बोचक्याची गाठ आवळली. मग म्हणाला, “गुरुजी, तुमचं आयकून एकदा थांबलो.”

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. जे झालं ते तो सांगत होता.

निघायच्या दिवशी सकाळी मुलगी शाळेत आली. पाटी शाळेची होती, ती परत करायला. पुसून, फडक्यात गुंडाळून आणली होती. मी म्हणालो, “राहू दे तुझ्याकडे.”

“ठेवून काय करू?” ती म्हणाली. पाटी तिने माझ्या टेबलावर ठेवली. मग दाराशी जाऊन थांबली.

“गुरुजी, त्या काळ्या धोंड्याखाली खरंच दुसरा तांबडा थर हाय?”

“मला माहीत नाही,” मी म्हणालो.

तिने मान हलवली. जणू एवढंच तिला हवं होतं. मग ती गेली. तिच्या आईने बाहेरून हाक मारली होती. बोचकी डोक्यावर घेऊन ती सगळी पोशेऱ्याच्या वाटेला लागली. मी दारात उभा राहून बघत होतो, वाट वळेपर्यंत.

त्या उन्हाळ्यात कूपावरच तिचं लग्न ठरलं, असं मला पुढच्या आषाढात समजलं. मुलगा कुठला, गाव कुठलं, ते नीट कुणाला सांगता आलं नाही. बाप परत आला, पहिल्यासारखाच वागला. पाटीवरचं वाचून दाखवायला घरात कुणी उरलं नव्हतं, म्हणून तो शाळेकडे फिरकेनासा झाला. वाटेत भेटला तर उभा राहायचा, बोलायचा, पावसाचं, नागलीचं. विहिरीचं नाव त्याने काढलं नाही, मीही नाही. गुरं पडू नयेत म्हणून पाड्यावरच्या लोकांनी तिच्यावर कारवीचे भारे टाकले होते. माती लोटून ती बुजवायला कुणाच्या अंगात बळ नव्हतं.

मी तिथे आणखी दोन वर्षं होतो. खडकांचा धडा आला की पुस्तकातून वाचून दाखवायचो आणि मुलांकडून पाठ करून घ्यायचो. मुलं पाठ करायची. परीक्षेत लिहायचीही. मग बदलीसाठी अर्ज केला आणि जव्हारच्या बाजूला परत आलो. अर्जात कारण लिहायला एक ओळ होती. तिथे मी प्रकृतीचं कारण लिहिलं.